बर्कलीच्या फॅकल्टी क्लबमध्ये मुक्काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात मुलांच्या पदवीदानासाठी, परिषदेसाठी किंवा ग्रंथालयात काम करायला येणारी मराठी मंडळी राहण्याची सोय विचारतात, तेव्हा मी आधी फॅकल्टी क्लबचं नाव सुचवते. त्यावर येणारे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ही वास्तू मला मनापासून आवडते.

हे नक्की काय आहे? हॉटेल, गेस्ट हाउस की वसतिगृह?

हा प्राध्यापकांचा क्लब आहे. 1902 साली विद्यापीठातल्या शिक्षकांना एकत्र जेवायला, बसायला, बोलायला जागा हवी होती, त्यातून तो उभा राहिला. वरच्या मजल्यांवर अविवाहित प्राध्यापक राहायचे, त्यातले काही तर वर्षानुवर्षं. आज तिथे कायम राहणारं कुणी नाही, पण त्या खोल्या पाहुण्यांना दिल्या जातात. खाली जेवणाची दालनं, बैठकीच्या खोल्या, मोठी शेकोटी असलेलं ग्रेट हॉल, आणि बाहेर फॅकल्टी ग्लेड नावाची उतरती हिरवळ. हिरवळीच्या कडेने स्ट्रॉबेरी क्रीक हा ओढा वाहतो. आवाराच्या अगदी मध्यात असूनही इथे आडोसा आहे.

प्राध्यापक नसलेल्यांना खोली मिळते का?

मिळते. सदस्यांना सवलतीचा दर असतो, बाकीच्यांना थोडा जास्त. विद्यापीठातल्या एखाद्या विभागाने तुम्हाला बोलावलं असेल तर बुकिंग त्या विभागाच्या कार्यालयामार्फत करायला सांगा. अनेकदा तेच सोयीचं पडतं आणि बिलाचाही प्रश्न सुटतो. विद्यार्थ्यांच्या आईवडिलांनी थेट क्लबशीच संपर्क साधावा. दर हंगामाप्रमाणे बदलतात. न्याहारी धरलेली आहे का आणि रद्द केल्यास पैसे परत मिळतात का, या दोन गोष्टी बुकिंग करतानाच विचारून घ्या.

गावात चांगली हॉटेलं असताना इथेच का राहायचं?

सीबोर्ग आणि मॅकमिलन यांच्यासाठी, असं माझं उत्तर असतं.

1940 साली ग्लेन सीबोर्ग हा तरुण रसायनशास्त्रज्ञ फॅकल्टी क्लबमध्ये राहत होता. एडविन मॅकमिलनही तिथेच राहायचा. मॅकमिलनने त्याच वर्षी फिलिप एबलसनबरोबर 93 वं मूलद्रव्य, नेपच्युनियम, शोधलं होतं आणि आता तो 94 व्याच्या मागे होता. सीबोर्गने पुढे स्वतःच सांगितलंय की मॅकमिलनचं काम त्याला कळत गेलं ते जेवणाच्या टेबलावर, वऱ्हांड्यात, इतकंच काय, न्हाणीघरात जाता-येता झालेल्या बोलण्यातून. न्हाणीघरं सामायिक होती. एक अंघोळ करून बाहेर पडतोय, दुसरा टॉवेल घेऊन आत चाललाय, आणि दारात उभ्या उभ्या युरेनियमवर सायक्लोट्रॉनमधून, म्हणजे अणुकणांना वेग देणाऱ्या यंत्रातून, कशाचा मारा करायचा याची चर्चा चालली आहे.

वर्ष संपायच्या आत मॅकमिलनला युद्धाच्या कामासाठी पूर्वेकडे जावं लागलं. सीबोर्गने त्याची परवानगी घेऊन ते काम आपल्या सहकाऱ्यांसह पुढे नेलं. फेब्रुवारी 1941 मध्ये रसायनशास्त्राच्या गिलमन हॉल या इमारतीत, 307 क्रमांकाच्या खोलीत, 94 व्या मूलद्रव्याची, म्हणजे प्लुटोनियमची, रासायनिक ओळख पटली. ती खोली क्लबपासून काही मिनिटांच्या अंतरावर आहे. 1951 चं रसायनशास्त्राचं नोबेल दोघांना मिळून मिळालं. त्या मूलद्रव्याने पुढे नागासाकीत काय केलं, ते आपल्याला माहीत आहे. तेही या जागेच्या इतिहासाचाच भाग आहे आणि तो विसरून इथे राहू नये असं मला वाटतं.

हॉटेलात तुम्हाला खोली मिळते. इथे तुम्हाला एका घराच्या वऱ्हांड्यातून चालायला मिळतं, जिथे वेगवेगळ्या विषयांची माणसं एकमेकांच्या वाटेत यावीत अशीच रचना होती.

इमारत कुणी बांधली? बघण्यासारखं काय आहे?

मूळ इमारत बर्नार्ड मेबेक या वास्तुरचनाकाराची. लाकूड कोरणाऱ्या जर्मन कारागिराचा हा मुलगा पॅरिसच्या एकोल दे बोझारमध्ये शिकला आणि बर्कलीत शिकवायला आला. सॅन फ्रान्सिस्कोतला पॅलेस ऑफ फाइन आर्ट्स पाहिला असेल, तर त्याचं काम तुम्ही पाहिलेलंच आहे. तो 1915 चा, क्लब त्याच्या आधीचा.

बाहेरून इमारत कॅलिफोर्नियातल्या जुन्या स्पॅनिश मिशनांच्या धाटणीची, गिलावा केलेली, साधी दिसते. ग्रेट हॉलमध्ये पाऊल टाकलं की मात्र सगळं बदलतं. आत गडद लाकूड, उंच चढत गेलेलं छत, जाडजूड खांब आणि तुळया. खिडक्यांमध्ये वेगवेगळ्या विद्यापीठांची मानचिन्हं असलेली रंगीत काच बसवलेली आहे. एका टोकाला माणूस उभा राहील एवढी शेकोटी.

आता मान वर करा आणि तुळयांच्या टोकांकडे पाहा. प्रत्येक टोक ड्रॅगनच्या मुंडक्यात संपतं. बहुतेक पाहुण्यांचं जेवण होतं, गप्पा होतात आणि ते वर न पाहताच निघून जातात. तुम्ही सकाळी गर्दी व्हायच्या आधी जा. पूर्वेकडचा उजेड काचेतून आत यायला लागला की कोरीव काम उठून दिसतं. मेबेकचं सगळं मोठेपण मला या एका दालनात दिसतं: लाकूड त्याने लपवलं नाही. कुठली तुळई कुठल्या खांबावर टेकली आहे, हे जेवायला बसलेल्या माणसाला दिसावं अशी त्याची मांडणी आहे.

पुढे जॉन गॅलन हॉवर्ड, वॉरन पेरी आणि नंतरच्या लोकांनी बाजूंनी भर घातली. त्यामुळे आजचा क्लब एकसंध नाही. एखाद्या जुन्या वाड्याला प्रत्येक पिढीने दोन-दोन खण जोडावेत तसं झालंय. वऱ्हांडे अचानक वळतात, मध्येच दोन पायऱ्या लागतात. पहिल्या दिवशी आपली खोली शोधताना गोंधळ होतो, तो गृहीत धरा.

तिथे शेजारीच दुसरा क्लबही आहे ना? दोन क्लब कशासाठी?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात आणि उत्तर सर्वांनी वाचावं असं आहे.

1902 चा क्लब पुरुषांचा होता. विद्यापीठात स्त्रिया शिकत होत्या, हळूहळू शिकवतही होत्या, पण त्या मोठ्या शेकोटीपाशी त्यांना सदस्य म्हणून जागा नव्हती. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या जेसिका पेशोटो 1918 मध्ये या विद्यापीठातल्या पहिल्या महिला पूर्ण प्राध्यापक झाल्या, तेव्हाही क्लबचं दार पुरुषांपुरतंच होतं. 1919 मध्ये विद्यार्थिनींच्या अधिष्ठाता ल्युसी वॉर्ड स्टेबिन्स यांच्या पुढाकाराने महिलांनी स्वतःचा विमेन्स फॅकल्टी क्लब स्थापन केला. 1923 मध्ये त्यांची इमारत उभी राहिली. रचना जॉन गॅलन हॉवर्ड यांची, म्हणजे त्याच हॉवर्डची ज्याने कँपनिली हा घंटामनोरा आणि सेथर गेट उभारलं.

तपकिरी लाकडी पट्ट्यांनी मढवलेली ही इमारत दिसायला एखाद्या मोठ्या घरासारखी, शांत आणि नीटनेटकी आहे. दोन्ही क्लबांच्या मधल्या जागेत ओंडक्यांचं एक जुनं घर आहे, सीनियर हॉल, 1906 चं. आज दोन्ही क्लब स्त्री-पुरुष सर्वांना खुले आहेत आणि दोन्हीकडे पाहुण्यांच्या खोल्या आहेत.

कुठला निवडावा? ग्रेट हॉलची ओढ असेल, जेवणखाण, वर्दळ हवी असेल तर जुना क्लब. निवांत लिहायचं-वाचायचं असेल, आईला किंवा सासूबाईंना बरोबर आणलं असेल, तर मी विमेन्स फॅकल्टी क्लब सुचवते. शिक्षणाच्या जगात स्वतःची जागा स्वतः उभारावी लागलेल्या बायकांनी ती उभारली, आणि शंभर वर्षांनंतरही ती चालू आहे. तिथे राहिलेला माणूस ती चालू ठेवायला हातभारच लावतो.

219 क्रमांकाच्या खोलीत भूत आहे, हे खरं का?

गोष्ट अशी सांगतात. मार्च 1974 मध्ये एक जपानी अभ्यासक या खोलीत उतरले होते. अर्धवट झोपेत त्यांना खुर्चीत बसलेला, सभ्य दिसणारा एक पाश्चात्त्य गृहस्थ दिसला, आणि मग हवेत तरंगत नाहीसे होणारे काहीतरी. सकाळी त्यांनी हे सांगितल्यावर क्लबमधल्या जुन्या लोकांना आठवला तो हेन्री मोर्स स्टीफन्स.

भुताबद्दल ज्याने त्याने ठरवावं. मला स्टीफन्स या माणसात जास्त रस आहे, आणि आपल्याला तो असायला हवा. स्टीफन्स मूळचा स्कॉटलंडचा, एडिंबरोत 1857 साली जन्मलेला इतिहासकार. फ्रेंच राज्यक्रांती हा त्याचा मुख्य विषय. पण 1892 मध्ये त्याने हिंदुस्थानच्या राज्यकर्त्यांवरच्या एका चरित्रमालेसाठी अफोन्सो द अल्बुकर्कचं चरित्र लिहिलं. म्हणजे 1510 मध्ये आदिलशाहीकडून गोवा घेणारा तोच अल्बुकर्क. बर्कलीच्या क्लबातल्या ज्या खोलीला लोक घाबरतात, त्या खोलीशी ज्याचं नाव जोडलंय, त्याने मांडवीकाठचा इतिहास लिहिला होता. तो लिहिला पोर्तुगीजांच्या विजयाच्या बाजूने, त्या काळच्या युरोपीय नजरेने. गोमंतकीय वाचकाला त्यातलं बरंच खटकेल.

1902 मध्ये तो बर्कलीला आला आणि फॅकल्टी क्लबमध्येच राहिला, शेवटपर्यंत. ह्युबर्ट बँक्रॉफ्ट या पुस्तकविक्रेत्या इतिहासकाराचा प्रचंड ग्रंथसंग्रह विद्यापीठाने 1905 मध्ये विकत घेतला, त्यात स्टीफन्सचा मोठा वाटा होता. 1906 च्या भूकंपानंतर त्या आपत्तीचा इतिहास लिहिण्यासाठी त्याने लोकांच्या आठवणी, कागद गोळा केले. विद्यार्थ्यांमध्ये तो फार लोकप्रिय होता. एप्रिल 1919 मध्ये विद्यापीठाच्या मोठ्या आश्रयदात्या फिबी हर्स्ट यांच्या अंत्यविधीहून परतताना वाटेतच त्याचा मृत्यू झाला.

क्लबच्या समोर, हिरवळीच्या पलीकडे दिसणारी इमारत त्याच्याच नावाची आहे, स्टीफन्स हॉल. विद्यापीठाची दक्षिण आशिया अभ्यास संस्था अनेक वर्षं तिथेच होती. अल्बुकर्कच्या चरित्रकाराचं नाव ज्या इमारतीला आहे, तिच्याच भिंतींच्या आत पुढे दक्षिण आशियाचे अभ्यासक भाषा, जात, शेती आणि लोकशाहीवर बोलत राहिले. मला ही गोष्ट भुताच्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोठी वाटते.

खोली हवी असेल तर नंबर सांगून मागा. नको असेल तर तसंही सांगा.

खोल्या कशा असतात?

साध्या. जुनं लाकडी सामान, खिडकीबाहेर झाडं, लिहायला टेबल. खोल्या एकसारख्या नाहीत. काही ऐसपैस, काही अगदी लहान. बुकिंग करताना तीन गोष्टी नेमक्या विचारा: पलंग एक मोठा आहे की दोन वेगळे, न्हाणीघर खोलीतच आहे ना, आणि खोली कितव्या मजल्यावर आहे. गुडघ्यांचा त्रास असलेलं कुणी बरोबर असेल तर तळमजल्याच्या किंवा कमी जिन्यांच्या खोलीची मागणी आधीच लेखी करा. येऊन मागितली तर मिळेलच असं नाही.

उन्हाळ्यात जायचंय. उकडेल का?

उलट गारठाल. जुलैमध्ये प्रशांत महासागरावरून धुकं आत येतं. दुपारी 22-23 अंश, रात्री 12-13 पर्यंत उतरतं. मुंबई-पुण्याहून येणारे सगळे पातळ कपडे आणतात आणि दुसऱ्या दिवशी स्वेटर घ्यायला जातात. खरा गरम काळ सप्टेंबर-ऑक्टोबरचा, तोही थोडे दिवस.

शाकाहारी जेवणाची सोय होईल?

होईल. बर्कलीत शाकाहार हा मुद्दाच राहिलेला नाही. ताज्या, स्थानिक भाज्यांवर आधारलेल्या कॅलिफोर्नियाच्या स्वयंपाकाची चळवळ याच गावात 1971 मध्ये ऍलिस वॉटर्स यांच्या शे पानीस या रेस्टॉरंटपासून पसरली. फक्त अंडं आणि मांसाचा रस्सा यांबद्दल स्पष्ट विचारा, कारण सूप भाज्यांचं असलं तरी रस्सा कोंबडीचा असू शकतो. उपास असेल तर फळं, दही, भाजलेले बटाटे सहज मिळतात.

चार दिवसांनंतर भाताची, चाटची आठवण आली की युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यूच्या खालच्या टोकाकडे जा. तिथे भारतीय किराणा आहे, आणि जवळच चौथ्या रस्त्यावर विक्स चाट आहे. चहाच्या बाबतीत माझा सल्ला सरळ आहे: चहापूड आणि सुंठ घरूनच आणा, आणि खोलीत किटली आहे का ते विचारा. खोलीत शेगडी, इंडक्शन वगैरे लावू नका. जुनं लाकडी घर आहे. 1923 च्या वणव्यात बर्कलीच्या उत्तर भागातली शेकडो घरं जळाली, त्यात मेबेकने बांधलेलीही होती. आगीबाबतची तिथली काळजी उगाच नाही.

विमानतळावरून कसं यायचं?

सॅन फ्रान्सिस्को विमानतळातूनच बार्ट रेल्वे सुटते. रिचमंडकडे जाणारी लाल मार्गिकेची गाडी थेट डाउनटाउन बर्कलीला येते. रात्री उशिरा थेट गाडी नसते, वाटेत बदलावी लागते. ओकलंडला उतरलात तर जोडगाडीने कोलिसियम स्टेशनपर्यंत या आणि तिथून रिचमंडची गाडी धरा.

डाउनटाउन बर्कलीपासून क्लब पायी वीसेक मिनिटं, आणि वाट सगळी चढाची. बॅग हलकी असेल तर जरूर चाला. सेंटर स्ट्रीटकडून आवारात शिरल्यावर उंचच उंच निलगिरीची राई लागते. 1870-80 च्या सुमारास लावलेली ही झाडं. पाऊस पडून गेल्यावर तिथे उटीसारखाच वास दरवळतो. दोन मोठ्या बॅगा असतील तर टॅक्सी करा. चालकाला बँक्रॉफ्ट आणि कॉलेज अ‍ॅव्हेन्यूच्या चौकात सोडायला सांगितलं तरी तिथून पाच-सात मिनिटांत पोचता.

स्वतःची गाडी आणली तर?

शक्यतो आणू नका. आवारात परवान्याशिवाय गाडी लावता येत नाही आणि दंड जबर असतो. आणायचीच असेल तर पाहुण्यांच्या परवान्याबद्दल क्लबला आधी विचारा. मोकळी दिसणारी प्रत्येक जागा मोकळी नसते. काही जागांवर एनएल अशी पाटी असते, त्या नोबेल विजेत्या प्राध्यापकांसाठी राखीव आहेत.

खोली मिळणं कधी कठीण असतं?

मे महिन्यात, पदवीदानाच्या दिवसांत. मुलाची पदवी मे महिन्यात आहे हे कळलं की त्याच दिवशी क्लबला लिहा, तारखा नक्की व्हायची वाट पाहू नका. दुसरी गर्दी शरद ऋतूत, घरच्या मैदानावर फुटबॉल सामना असलेल्या शनिवारी. स्टेडियम चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिसरी ऑगस्टमध्ये, मुलांना वसतिगृहात सोडायला पालक येतात तेव्हा. जानेवारीचे पहिले आठवडे आणि जूनचा शेवट त्या मानाने निवांत.

रात्री शांत असतं का?

बाहेर शांत असतं, ओढ्याचा आवाज येतो. आत जुन्या लाकडी जमिनी करकरतात आणि शेजारच्या खोलीतली पावलं ऐकू येतात. ग्रेट हॉलमध्ये लग्नं आणि समारंभही होतात. आपल्या तारखांना काही कार्यक्रम आहे का ते विचारा आणि असेल तर हॉलपासून दूरची खोली मागा.

सकाळी सत्रातल्या कामाच्या दिवशी 7:50 ला कँपनिलीवरच्या घंटा वाजतात. मग दुपारी 12 आणि संध्याकाळी 6 ला. एकूण 61 घंटा आहेत आणि त्या यंत्र वाजवत नाही, वर बसलेला वादक हातापायांनी वाजवतो. सत्राच्या शेवटच्या दिवशी किपलिंगच्या कवितेवरचं एक उदास गाणं वाजतं आणि मग परीक्षा संपेपर्यंत घंटा मुक्या राहतात. त्या काळात तुम्ही आलात आणि ऐकू आलं नाही, तर कारण हे.

भूकंपाची भीती?

हेवर्ड नावाची भूगर्भातली भेग (फॉल्ट) विद्यापीठाच्या आवारातूनच जाते, स्टेडियमच्या बरोबर खालून. भीती बाळगू नका, तयारी ठेवा. पलंगाशी चपला ठेवा, कारण भूकंपात फुटक्या काचेवर पाय पडून जखमा होतात. हादरा जाणवला तर जिन्याकडे पळू नका. भक्कम टेबलाखाली बसा आणि टेबलाचा पाय धरून ठेवा. बाहेर पडण्याच्या वाटा पहिल्याच संध्याकाळी पाहून घ्या, कारण वऱ्हांडे वळणाचे आहेत.

वागण्याचे काही नियम?

ग्रेट हॉलमध्ये व्हिडिओ कॉल मोठ्याने लावू नका. घरच्यांना हॉल दाखवायचा असेल तर कुणी जेवत नसताना दाखवा. छायाचित्रं घ्या, पण बैठक चालू असलेल्या दालनात शिरून नको. वाढणाऱ्या आणि खोली आवरणाऱ्या माणसांना टिप ठेवा. त्यांच्याशी बोला, इमारतीचे कोपरे त्यांना सर्वांत जास्त माहीत असतात.

आणि एक सांगते: एकट्या जेवणाऱ्या माणसाच्या टेबलावर, त्याची हरकत नसेल तर, बसा. काय शिकवता, कशावर काम करता, विचारा. हा क्लब त्यासाठीच बांधला होता.

एक सकाळ मोकळी आहे. जवळ काय पाहू?

आधी कँपनिलीच्या वर जा. 94 मीटर उंचीचा मनोरा आहे, लिफ्ट आहे, पण शेवटी काही पायऱ्या चढाव्या लागतात. धुकं नसेल तर गोल्डन गेट पूल सरळ समोर दिसतो. मग दक्षिणेला ड्वाइट आणि बोडिच रस्त्यांच्या कोपऱ्यावर मेबेकचं 1910 चं चर्च, फर्स्ट चर्च ऑफ क्राइस्ट, सायंटिस्ट. ग्रेट हॉल आवडला असेल तर हे चुकवू नका. त्याची सर्वोत्तम कृती हीच, असं मानणारे पुष्कळ आहेत आणि मीही त्यांच्यातच.

वाचनाची आवड असेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात गदर चळवळीचे, म्हणजे अमेरिकेतल्या भारतीयांनी उभारलेल्या स्वातंत्र्य चळवळीचे, कागद आहेत. त्या चळवळीतले वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे याच सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या उत्तर काठाला, सॅन राफेलच्या लष्करी अकादमीत शिकले होते. पुढे मेक्सिकोत त्यांनी शेतीशास्त्रज्ञ म्हणून नाव मिळवलं. कागद पाहायचे असतील तर आधी नाव नोंदवावं लागतं आणि हवे ते खोके अगोदर मागवून ठेवावे लागतात. पासपोर्ट बरोबर न्या. शाईचं पेन आत चालत नाही, पेन्सिल लागते.